वसईच्या गावांतल्या जुन्या चर्चचे फोटो – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,
आम्हा नाशिककरांना गोदाकाठच्या देवळावरची नारोशंकराची घंटा पुरामुळे जास्त माहीत. पाणी घंटेला लागलं का, एवढंच विचारतो. पण ती आहे १७३९ ची आठवण. चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली, त्या विजयाची. घंटेचे फोटो भरपूर झाले, आता तिचं माहेर बघायचंय.

किल्ल्यातले छप्पर उडालेले अवशेष नेटवर ढिगाने आहेत, ते नकोत. मला हवीत गावांतली नांदती चर्च: रमेदी, पापडी, सांडोर, निर्मळ, नंदाखाल. जिथे मराठीत मिस्सा (कॅथलिक प्रार्थनाविधी) होते आणि बाजूला केळीची वाडी असते, अशी.

कॅमेरा क्रॉप (छोट्या) सेन्सरचा, लेन्स १८-५५ आणि ५० एमएम. शरणपूरच्या चर्चवर सराव करतोय, पण जवळून घेतलं की मनोरा मागे कलंडतो. आत तर वेदी नीट दिसली की खिडक्या पांढऱ्याफटक. त्यावर काय करता? पांढऱ्या दर्शनी भिंतीला ऊन कधी चांगलं? आणि मुख्य म्हणजे परवानगी कुणाला मागायची? लोक प्रार्थनेला बसलेले असताना क्लिक क्लिक करणं मला स्वतःलाच पटत नाही.

नाशिकरोडहून रेल्वेने येणार. दादरला गाडी बदलू की दिवा स्टेशनहून वसई रोडची मेमू गाडी धरू?

प्रतिसाद
मेमू धरा, दादरची गर्दी टळेल. फक्त वेळ आधी बघून ठेवा, ती लोकलसारखी सारखी नसते.

जुन्या चर्चची वेदी बहुधा पूर्वेला असते, म्हणजे दर्शनी बाजू पश्चिमेला. तिथे दुपारनंतर जा. पांढऱ्या भिंतीमुळे कॅमेरा फसतो आणि चुना राखाडी येतो, म्हणून एक्स्पोजर (फोटोतला उजेड) थोडं वाढवा. मनोऱ्यासाठी मागे सरका, कॅमेरा वर न उचलता सरळ धरा, खालची जादा जमीन नंतर कापा. आत रॉ फाईलमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या) कमी-जास्त उजेडाचे तीन फोटो घ्या आणि घरी एकत्र जोडा. ट्रायपॉड नको, बाकाच्या पाठीवर कोपर टेकवलं तरी भागतं. फ्लॅश अजिबात नको.

रविवारी सकाळी मिस्सा चालू असताना आत शिरू नका. ती आटोपली की फादरना भेटा, फोटो कशासाठी हवेत ते सांगा. जमिनीवर पोर्तुगीज अक्षरांच्या समाधीशिळा दिसल्या तर त्यांच्यावर उभे राहू नका. फोटो तिरप्या उजेडात घ्या, अक्षरं उठून येतात.

किल्ल्यात गेलातच तर ट्रायपॉडला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते.