माझदा : हट्टामुळे तगलेली कंपनी की हट्टामुळे अडचणीत आलेली?

अनभिज्ञ

गेले काही महिने मी जपानी मोटार उद्योगाचा इतिहास वाचतो आहे. टोयोटा, होंडा आणि निस्सान यांच्या वाटचालीचे ढोबळ चित्र मनात तयार झाले आहे, परंतु माझदाच्या बाबतीत मी पुन्हा पुन्हा अडखळतो. काही लेखांत ती केवळ अभियंत्यांच्या जिद्दीवर उभी राहिलेली कंपनी म्हणून रंगवलेली असते. दुसरीकडे तिच्या ताळेबंदाचा इतिहास पाहिला, तर एकदा बँकेला आणि एकदा परदेशी भागीदाराला तिचा कारभार हाती घ्यावा लागला होता, असे दिसते. जगातील जवळजवळ प्रत्येक कंपनीने सोडून दिलेले रोटरी इंजिन माझदाने इतकी वर्षे का सांभाळले, याचेही पटेल असे उत्तर मला मिळालेले नाही. निव्वळ हौस म्हणून कोणतीही कंपनी एवढा पैसा ओतत नाही. तेव्हा या निर्णयामागची खरी कारणे कोणती, आणि या कंपनीचा जो लौकिक आहे तो नेमका कशावर उभा आहे, हे जाणकारांनी कृपया विस्ताराने सांगावे.

लोहभस्म

आपल्या प्रश्नाचे उत्तर हिरोशिमापासून सुरू करावे लागेल, कारण हे शहर वगळून या कंपनीचा कोणताच निर्णय नीट समजत नाही.

जानेवारी १९२० मध्ये तिथे ‘तोयो कॉर्क कोग्यो’ या नावाने बुचाच्या वस्तू बनवणारा कारखाना सुरू झाला. पुढच्याच वर्षी त्याची सूत्रे जुजिरो मात्सुदा यांच्याकडे आली. कोळ्याच्या घरात जन्मलेला हा माणूस मुळात लोहारकाम आणि पंपांच्या कारखानदारीत घडलेला होता, त्यामुळे बुचाच्या धंद्यात त्याचे मन फार काळ रमणे शक्य नव्हते. १९२७ मध्ये नावातला ‘कॉर्क’ गेला, कारखाना यंत्रे आणि अवजारे बनवू लागला आणि १९३१ मध्ये तीनचाकी मालवाहू गाडी बाहेर पडली. ‘माझदा’ हे नाव त्या गाडीवर प्रथम आले. पारशी धर्मातील अहुर मझ्द या देवतेचे नाव आणि संस्थापकाचे आडनाव असा दुहेरी संदर्भ त्यात आहे. कंपनीने स्वतः हे नाव अधिकृतपणे घेतले ते थेट १९८४ मध्ये.

६ ऑगस्ट १९४५ हा जुजिरो मात्सुदांचा सत्तरावा वाढदिवस होता. अणुबॉम्ब पडला त्या जागेपासून कारखाना सुमारे पाच किलोमीटरवर होता आणि मधल्या हिजियामा टेकडीने स्फोटाचा बराच आघात अडवला, म्हणून इमारती उभ्या राहिल्या. शहरात कामावर पाठवलेले कंपनीचे अनेक कामगार मात्र परतले नाहीत. जिल्हा प्रशासनाची कचेरी नष्ट झाल्यामुळे पुढील काही महिने हिरोशिमाचा राज्यकारभार याच कारखान्याच्या इमारतीतून चालला, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात तीनचाकी गाड्यांचे उत्पादन पुन्हा सुरू झाले. उद्ध्वस्त शहरात राडारोडा, लाकूड आणि धान्य वाहून नेणाऱ्या या गाड्या होत्या. शहर आणि कंपनी यांच्यातले नाते व्यवहारापलीकडचे आहे, ते या काळामुळे. तेथील ‘कार्प’ या बेसबॉल संघाची मालकीही पुढे मात्सुदा घराण्याकडेच आली.

आता रोटरी इंजिनाकडे येऊ. १९६० च्या सुमारास जपानचे व्यापार व उद्योग मंत्रालय अशा विचारात होते, की परदेशी गाड्यांच्या आयातीवरील निर्बंध उठण्यापूर्वी देशातील मोटार कंपन्यांची मोजक्या गटांत विभागणी करावी आणि लहान कंपन्यांनी मोठ्यांत विलीन व्हावे. माझदाने आपली पहिली प्रवासी मोटार, म्हणजे आर-३६० कूपे, १९६० मध्येच आणली होती. अशा नवख्या कंपनीला मंत्रालयाच्या आराखड्यात स्वतंत्र जागा मिळण्याचे काही कारण नव्हते. जुजिरोंचे पुत्र त्सुनेजी मात्सुदा तेव्हा अध्यक्ष होते. दुसऱ्या कोणाकडेही नाही असे काही तंत्र हाती असल्याशिवाय आपले वेगळे अस्तित्व टिकणार नाही, हे त्यांनी ओळखले आणि १९६१ मध्ये जर्मनीच्या एनएसयू कंपनीशी वांकेल इंजिनाचा, म्हणजेच रोटरी इंजिनाचा, करार केला. म्हणून माझ्या मते ज्याला आज हट्ट म्हटले जाते, तो आरंभी जगण्यासाठी केलेला पूर्ण विचारी डाव होता.

तो डाव जवळजवळ फसलाच होता. नेहमीच्या इंजिनात पिस्टन वर-खाली होतो; येथे शेंगेसारख्या आकाराच्या पोकळीत त्रिकोणी रोटर फिरतो आणि त्याच्या तीन टोकांवरील पट्ट्या पोकळीच्या भिंतीला सतत घासत राहून वायू अडवून धरतात. या पट्ट्या आपल्या नैसर्गिक कंपनसंख्येला पोहोचल्या की थरथरत आणि भिंतीवर आडव्या लाटांसारखे चरे पाडत. हिरोशिमाच्या कारखान्यात या चऱ्यांना ‘सैतानाच्या नखांचे ओरखडे’ असे नाव पडले होते. १९६३ मध्ये केनिची यामामोतो यांच्या हाताखाली ४७ अभियंत्यांचा स्वतंत्र विभाग त्यासाठी स्थापन झाला. जपानी परंपरेत ४७ रोनिनांची, म्हणजे धनी गमावलेल्या सामुराईंची, कथा निष्ठेचे प्रतीक मानली जाते, त्यामुळे या आकड्याला तिथे आपोआप वेगळा अर्थ चिकटला. पट्टीची घडण बदलून तिची कंपने बदलता येतात, हे त्यांनी आधी सिद्ध केले; उत्पादनासाठी अखेर कार्बनमध्ये अ‍ॅल्युमिनियम मुरवलेली पट्टी वापरली गेली. मे १९६७ मध्ये कॉस्मो स्पोर्ट विक्रीस आली. दोन रोटर, एकूण ९८२ घन सेंटीमीटर आणि ११० अश्वशक्ती. पुढच्या वर्षी न्युरबुर्गरिंगवरील ८४ तासांच्या स्पर्धेत तिने चौथा क्रमांक मिळवला. ज्या एनएसयूकडून हे तंत्र आले, तिची रो-८० ही गाडीही १९६७ मध्येच बाजारात आली होती. परंतु तिच्या इंजिनांच्या बिघाडांनी कंपनीला इतके जेरीस आणले, की १९६९ मध्ये ती फोक्सवॅगनच्या छत्राखाली गेली. दोघांची सुरुवात एकाच आराखड्यावरून झाली होती, आणि माझदाच्या लौकिकाचा पाया मला या फरकात दिसतो.

उत्तरवात

लोहभस्म यांनी दिलेला तपशील अचूक आहे आणि कॉस्मोपर्यंतच्या त्यांच्या निष्कर्षाशीही मी सहमत आहे. मात्र कथा १९६७ मध्ये थांबवली तर ती अर्धीच राहते. ज्या निर्णयाने कंपनी वाचली, तोच निर्णय सहा-सात वर्षांत तिच्या गळ्याशी आला, हे तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवे.

रोटरी इंजिनाच्या ज्वलनकक्षाचा आकार लांबट आणि चपटा असतो, त्यामुळे आकारमानाच्या मानाने भिंतींचे क्षेत्रफळ फार पडते, उष्णता वाया जाते आणि बरेच इंधन अर्धवट जळून बाहेर पडते. अमेरिकेतील प्रदूषणाचे कडक नियम पाळण्यासाठी माझदाने हे न जळलेले इंधन एक्झॉस्टच्या वाटेवरील स्वतंत्र कक्षात जाळण्याची युक्ती काढली. नियम त्यामुळे पाळले गेले, परंतु तो कक्ष तापता ठेवण्यासाठी इंधनाचे प्रमाण मुद्दाम अधिक ठेवावे लागे. इंधन स्वस्त होते तोपर्यंत कोणाची तक्रार नव्हती. १९७३ चे तेलसंकट आले, अमेरिकेच्या सरकारी चाचण्यांत या गाड्या तेल पिणाऱ्या ठरल्या आणि तेथील विक्री कोसळली. कंपनीने शक्य तितक्या गाड्यांत रोटरी बसवण्याचे धोरण आखलेले असल्यामुळे गोदामे भरून गेली. कारखान्यातील कामगारांना मोठ्या संख्येने विक्रेत्यांकडे गाड्या विकायला पाठवावे लागले. सुमितोमो बँकेने आपली माणसे कंपनीत आणली, १९७७ मध्ये मात्सुदा घराण्याच्या तिसऱ्या पिढीला अध्यक्षपद सोडावे लागले आणि १९७९ मध्ये फोर्डने २५ टक्के भागभांडवल घेतले. त्या वेळी कंपनीला सावरणारी गाडी कोणती होती, तर साधे पिस्टन इंजिन असलेली फॅमिलिया! १९८० च्या फॅमिलियाला जपानमधील ‘कार ऑफ द इयर’ हा पुरस्कार तो सुरू झाला त्याच वर्षी मिळाला. माझदाचा गौरव करणाऱ्या लेखांत या गाडीला एखादी ओळ मिळाली तरी पुष्कळ, ही गोष्ट मला खरोखर खटकते.

दुसरी घोडचूक पूर्णपणे व्यापारी होती, तिच्यात अभियंत्यांचा दोष नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीस, जपानी अर्थव्यवस्थेचा फुगा फुगलेला असताना, कंपनीने देशांतर्गत विक्रीच्या पाच स्वतंत्र शाखा उभारल्या : माझदा, अन्फिनी, युनोस, ऑटोझॅम आणि ऑटोरामा. एकाच सांगाड्यावरच्या गाड्या वेगवेगळ्या नावांनी वेगवेगळ्या दालनांत दिसू लागल्या आणि कोणती गाडी नेमकी कोणाची, हे ग्राहकाला कळेनासे झाले. फुगा फुटल्यावर मोठ्या सवलती देऊन गाड्या खपवाव्या लागल्या. सवलतीमुळे जुन्या गाडीची किंमत पडली. इतर कंपन्यांचे विक्रेते ती गाडी बदल्यात घेताना नाममात्र रक्कम देऊ लागले. मालकाला बरी किंमत हवी तर पुन्हा माझदाच्याच विक्रेत्याकडे जाऊन पुन्हा माझदाच घ्यावी लागे. या चक्राला जपानमध्ये ‘माझदा जिगोकु’, म्हणजे माझदाचा नरक, असे नाव पडले. स्वतःच्या देशात ज्या कंपनीच्या नावाने असा वाक्प्रचार रूढ होतो, तिच्या लौकिकाविषयी बोलताना तो वगळणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. १९९६ मध्ये फोर्डने आपला हिस्सा ३३.४ टक्क्यांवर नेला आणि हेन्री वॉलेस हे अध्यक्ष झाले. मोठ्या जपानी मोटार कंपनीच्या प्रमुखपदी परदेशी व्यक्ती येण्याचा तो पहिलाच प्रसंग होता.

अनभिज्ञ

दोन्ही उत्तरांसाठी मनःपूर्वक आभार. ‘माझदा जिगोकु’ हा शब्दप्रयोग माझ्यासाठी पूर्णपणे नवा आहे, आणि फॅमिलियाविषयी मी जवळजवळ काहीच वाचले नव्हते. एक उपप्रश्न विचारतो. १९९१ मध्ये ल मॉन्स येथील २४ तासांची शर्यत रोटरी इंजिनाने जिंकली आणि त्या विजयामुळेच आयोजकांनी रोटरीवर बंदी घातली, असे अनेक ठिकाणी लिहिलेले आढळते. हे खरे आहे काय?

पाणचक्की

विजय खरा आहे, बंदीचे कारण मात्र खरे नाही. साडेतीन लिटरच्या पिस्टन इंजिनांचा नवा नियम ही शर्यत होण्यापूर्वीच ठरलेला होता आणि तो पूर्णपणे अमलात येण्याआधीची माझदाची ही शेवटची संधी होती, हे संघातील प्रत्येकाला ठाऊक होते. चार रोटरच्या ७८७-बी गाडीला ८३० किलो वजनाची परवानगी मिळाली होती, तर मर्सिडीज आणि जग्वार यांना १००० किलोच्या गाड्या पळवाव्या लागत होत्या. ही सूट संघप्रमुख ताकायोशी ओहाशी यांनी वाटाघाटी करून मिळवली होती, आणि विजयाच्या कथेत वाटाघाटीचा हा भाग इंजिनाइतकाच महत्त्वाचा आहे. फोल्कर वाइडलर, जॉनी हर्बर्ट आणि बर्ट्रांड गाशो यांच्या ५५ क्रमांकाच्या गाडीने ३६२ फेऱ्या पूर्ण केल्या. आघाडीवरची मर्सिडीज अखेरच्या काही तासांत बिघडली, हे नशीब म्हणता येईल. परंतु आदले २१ तास तिच्या मागे कोणतीही कुरबुर न करता धावत राहणे हे नशीब नव्हते. शेवटच्या टप्प्यात गाडी चालवणारे हर्बर्ट इतके थकले होते, की विजयमंचावर ते उभेच राहू शकले नाहीत. त्यानंतर ही शर्यत जिंकणारी दुसरी जपानी कंपनी टोयोटा, आणि तिला २०१८ पर्यंत थांबावे लागले.

उत्तरवात यांच्या टीकेत मला एका गोष्टीची भर घालावीशी वाटते. ज्या १९८९ साली विक्रीच्या शाखांचा तो पसारा मांडला जात होता, त्याच साली माझदाने एमएक्स-५ ही छोटी, उघड्या टपाची दोन आसनी गाडी आणली. असल्या गाड्या बनवणाऱ्या ब्रिटिश कंपन्या तोवर बहुतेक थकल्या होत्या. बॉब हॉल या अमेरिकी पत्रकाराने १९७९ मध्ये यामामोतोंना अशी गाडी बनवण्याचे सुचवले होते. हे तेच रोटरीचे यामामोतो, जे १९८४ मध्ये कंपनीचे अध्यक्ष झाले. प्रकल्पप्रमुख तोशिहिको हिराई यांनी ‘जिन्बा इत्ताई’, म्हणजे स्वार आणि घोडा एकजीव, हा शब्द समोर ठेवून वजनाचा एकेक ग्रॅम मोजला. २०१६ मध्ये या गाडीच्या उत्पादनाने दहा लाखांचा टप्पा ओलांडला. चालवणाऱ्याला आनंद देणारी गाडी, हा माझदाचा जो लौकिक जगभर आहे, तो रोटरीपेक्षाही या गाडीने अधिक घडवला, असे माझे ठाम मत आहे.

फोर्डने २००८ पासून आपला हिस्सा विकायला घेतला, तेव्हा कंपनीला पुन्हा स्वतःच्या पायावर उभे राहणे भाग पडले. २०११ पासून आलेल्या स्कायअ‍ॅक्टिव्ह इंजिनांत पेट्रोल आणि डिझेल या दोन्हींसाठी १४ : १ हे दाबगुणोत्तर (इंजिनात वायू किती पट दाबला जातो ते प्रमाण) ठेवले गेले. पेट्रोलसाठी ते त्या वेळी विलक्षण उंच होते आणि डिझेलसाठी विलक्षण कमी. २०२० मध्ये अमेरिकेतील कन्झ्युमर रिपोर्ट्सच्या विश्वासार्हतेच्या क्रमवारीत माझदा प्रथमच पहिली आली.

उत्तरवात

एमएक्स-५ विषयीचे म्हणणे मला मान्य आहे. मात्र याच स्कायअ‍ॅक्टिव्ह मालिकेतील डिझेल इंजिनांत काजळी साचण्याच्या तक्रारींमुळे कंपनीला जपानमध्ये गाड्या परत बोलवाव्या लागल्या, आणि जून २०२४ मध्ये प्रमाणपत्रासाठीच्या चाचण्यांत अनियमितता केल्याचे जपानच्या ज्या पाच वाहन कंपन्यांनी मान्य केले, त्यांत टोयोटा, होंडा, सुझुकी आणि यामाहा यांच्याबरोबर माझदाही होती. ज्या कंपनीचे सारे नाव अभियंत्यांच्या सचोटीवर उभे आहे, तिच्याकडून चाचणीतच खोट व्हावी, याचे मला इतर चौघांपेक्षा अधिक वाईट वाटले.

लोहभस्म

आपली खंत योग्यच आहे, आणि तेलसंकटाच्या काळाविषयी मी माझ्या उत्तरात लिहायला हवे होते, हेही मान्य करतो. फक्त एक दुरुस्ती सुचवतो. संकटानंतर रोटरी टिकवण्याचा निर्णय आंधळेपणाने घेतलेला नव्हता. यामामोतोंनी इंधनाचा वापर ४० टक्क्यांनी सुधारण्याचे उद्दिष्ट जाहीर केले, त्या कामाला ‘फिनिक्स’ असे नाव दिले आणि रोटरी फक्त स्पोर्ट्स गाडीपुरती ठेवण्याकडे कंपनी वळली. १९७८ ची आरएक्स-७ हे त्याचे फळ. २०१२ मध्ये आरएक्स-८ बंद झाल्यावर हे इंजिन संपले असे वाटले होते. २०२३ मध्ये ते एमएक्स-३० या विजेवर चालणाऱ्या गाडीत परतले, एकच रोटर आणि ८३० घन सेंटीमीटर अशा रूपात, आणि तेही चाके न फिरवता केवळ बॅटरीसाठी वीज तयार करणारे यंत्र म्हणून. फेब्रुवारी २०२४ मध्ये कंपनीने रोटरीच्या विकासाचा स्वतंत्र गट पुन्हा स्थापन केला. त्याच्यापुढचा प्रश्न तोच जुना आहे : त्या लांबट कक्षात इंधन पूर्ण कसे जाळायचे.