जुनी पद्मिनी: सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन पकडत नाही

कराडकर

नमस्कार. वडिलांची १९८९ सालची प्रीमियर पद्मिनी आमच्या घरी अजूनही वापरात आहे. इंजिन मूळचेच, १०८९ सीसीचे, कार्ब्युरेटरवर चालणारे. इग्निशनही पॉइंट-कंडेन्सरचीच आहे, म्हणजे ठिणगीसाठी उच्च दाबाची वीज बनवणाऱ्या कॉइलचा करंट यांत्रिक संपर्क (पॉइंट) जोडतात-तोडतात. पावसाळाभर गाडी शेडमध्ये उभी होती. दसऱ्याच्या आधी बॅटरी चार्ज करून सेल्फ मारला, तेव्हा इंजिन नेहमीच्या वेगाने फिरले, पण चालू झाले नाही, आणि तेव्हापासून तीच अवस्था आहे.

आमच्या मेकॅनिकने आतापर्यंत नवे प्लग टाकले, पॉइंट पॉलिश पेपरने साफ करून त्यांची फट लावली आणि कंडेन्सर बदलला. त्यानंतर किल्ली 'ऑन' ठेवून, कॉइलकडून डिस्ट्रिब्युटरला जाणारी जाड वायर इंजिनच्या धातूजवळ धरून, पॉइंट स्क्रू ड्रायव्हरने उघडून दाखवले. ठिणगी निळी आणि कडक पडत होती. "करंट उत्तम आहे" असा निर्णय देऊन ते पेट्रोलकडे वळले; कार्ब्युरेटर खोलून जेट फुंकले आणि पेट्रोल पंपाचा डायफ्रामही बदलला. कार्ब्युरेटरपर्यंत पेट्रोल येते हे मी स्वतः पाहिले आहे. आता ते टायमिंग चेन उघडण्याविषयी बोलत आहेत, आणि त्या खर्चाला होकार देण्यापूर्वी मला इथल्या जाणकारांचे मत हवे आहे.

आणखी एक गोष्ट सांगतो, तिला महत्त्व आहे की नाही ते मला कळत नाही. सेल्फ फिरत असताना इंजिन अगदी मुके असते, परंतु मी किल्ली सोडतो त्या क्षणी ते एखादा फटका देते, जणू आता चालू होईल असे वाटते, आणि मग थांबते.

वायरिंगवाला_सांगली

तुमचा शेवटचा परिच्छेद सर्वांत महत्त्वाचा आहे. टायमिंग चेनला तूर्त हात लावू देऊ नका.

मेकॅनिकने ठिणगी पाहिली ती किल्ली 'ऑन'वर असताना. गाडी चालू होत नाही ती किल्ली 'स्टार्ट'वर असताना. या दोन वेगळ्या अवस्था आहेत, आणि जी अवस्था बिघडलेली आहे तिची चाचणी अजून कोणी केलेलीच नाही. 'ऑन'वर कॉइलला बॅटरीचा पूर्ण दाब (व्होल्टेज) मिळतो. 'स्टार्ट'वर गेल्यावर दोन गोष्टी एकाच वेळी घडतात: सेल्फ शंभराहून अधिक अँपिअर ओढू लागतो, त्यामुळे बॅटरीचा दाब खाली येतो, आणि इग्निशन स्विचमधील संपर्क नव्या जागी सरकतो, तिथे त्याने सेल्फच्या सोलेनॉइडला (सेल्फला बॅटरीशी जोडणाऱ्या विजेच्या स्विचला) पुरवठा द्यायचा असतो आणि कॉइलचा पुरवठाही चालू ठेवायचा असतो. तीस-पस्तीस वर्षे वापरलेल्या स्विचची पितळी पट्टी झिजलेली किंवा काळी पडलेली असेल, तर पहिले काम होते आणि दुसरे होत नाही. मग सेल्फ जोमाने फिरतो, ठिणगी मात्र पडत नाही. किल्ली सोडताच ती 'ऑन'वर परत येते, कॉइलला पुरवठा मिळतो, इंजिन अजून गतीमुळे अर्धा-एक फेरा फिरत असते, सिलिंडरमध्ये मिश्रण असतेच, आणि तुम्ही ऐकता तो फटका पडतो.

खात्री करण्याचा बिनखर्चाचा उपाय म्हणजे धक्का. मोकळ्या, हलक्या उतारावर, किल्ली 'ऑन'वर ठेवून, दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडून पाहा. सेल्फला हात लावायचा नाही. त्या पद्धतीने गाडी चालू झाली, तर कार्ब्युरेटर, टायमिंग, कॉम्प्रेशन, कॉइल, पॉइंट हे सगळे एकाच फटक्यात निर्दोष ठरतात.

ठाणेकर_मोटार

वरील विश्लेषण पटण्यासारखे आहे, तरीही पेट्रोलचा मुद्दा इतक्या लवकर सोडून देऊ नये असे मला वाटते. कार्ब्युरेटरपर्यंत "पेट्रोल येते" म्हणजे नक्की काय येते, हा प्रश्न उरतोच. सध्या पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. पावसाळाभर अर्धी रिकामी टाकी उभी राहिली आणि पाण्याचे प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेले, की इथेनॉल आणि पाणी पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसतात. टाकीतील नळी तळाजवळूनच ओढते, त्यामुळे कार्ब्युरेटरला जाते ते पेट्रोल नसतेच. एका स्वच्छ काचेच्या बाटलीत थोडे पेट्रोल काढून ते दहा-पंधरा मिनिटे स्थिर ठेवा. खाली वेगळा थर दिसला, तर टाकी रिकामी करण्याखेरीज पर्याय नाही.

शिवाय त्या काळातील रबरी नळ्या इथेनॉल गृहीत धरून बनवलेल्या नव्हत्या. टाकी ते पंप या भागातील जोडनळी बोटांनी दाबून पाहा. ती चिकट किंवा फुगलेली लागली, तर गाडी चालू होवो न होवो, ती बदलावीच.

वायरिंगवाला_सांगली

बाटलीची चाचणी अवश्य करावी, तिला काही खर्च नाही. मात्र खराब पेट्रोलमुळे इंजिन पकडत नसेल, तर फटका नेमका किल्ली सोडतानाच पडण्याचे कारण राहत नाही. तो केव्हाही पडला असता किंवा कधीच पडला नसता. दोषाला स्वतःची वेळ असते, आणि इथे ती वेळ स्विचशी जुळते.

पणजीकर

सांगलीकरांच्या तर्कात मला एक जागा मोकळी दिसते. बॅटरी अशक्त असेल, किंवा बॅटरीची निगेटिव्ह केबल बॉडीला जिथे बोल्टने जोडलेली असते तो सांधा गंजलेला असेल, तरीही हेच लक्षण दिसू शकते. सेल्फ चालू असताना दाब इतका खाली जातो की कॉइलला कडक ठिणगी देता येत नाही. किल्ली सोडली की दाब सावरतो आणि फटका पडतो. धक्क्यानेही गाडी चालू होईल, कारण तेव्हा सेल्फचा भारच नसतो. म्हणजे धक्क्याची चाचणी पेट्रोल आणि टायमिंग यांना वगळते, पण स्विच आणि बॅटरी यांच्यात निवाडा करत नाही. "सेल्फ जोरात फिरतो" हे कानाचे मत आहे. आमच्याकडे समुद्राच्या हवेत गंजलेली अर्थिंग हे रोजचे दुखणे असल्याने मी तिथूनच सुरुवात करतो.

निवाडा मल्टिमीटर करेल. एकाला सेल्फ मारायला बसवा, गिअर न्यूट्रलमध्ये आणि हँडब्रेक ओढलेला ठेवा. पहिले मापन बॅटरीच्या दोन टर्मिनलांवर घ्या. सेल्फ फिरत असताना दाब साधारण ९.६ व्होल्टच्या खाली गेला, तर बॅटरी संशयित आहे. दुसरे मापन कॉइलच्या पॉझिटिव्ह टर्मिनलवर घ्या, आणि मीटरची काळी वायर इंजिनच्या उघड्या धातूला लावा. दोन आकड्यांत एखाद्या व्होल्टपेक्षा अधिक तफावत असेल, तर ती तफावत बॅटरी ते कॉइल या वाटेवर कुठेतरी खर्च होत आहे.

या दुसऱ्या मापनात एक चकवा आहे, आणि त्यात चांगले मेकॅनिकही अडकतात. पॉइंट उघडे असताना कॉइलमधून करंट वाहतच नाही, आणि करंट नसला की खराब संपर्कावर दाब खर्च होत नाही. अशा वेळी मीटर सडलेल्या स्विचमधूनही पूर्ण १२ व्होल्ट दाखवतो आणि सगळे ठीक असल्याचा भास होतो. पॉइंट मिटले की कॉइल तीन-चार अँपिअर मागते, आणि त्या मागणीपुढे खराब संपर्क उघडा पडतो. म्हणून 'ऑन'वरचे मापन पॉइंट मिटलेले असताना घ्या. आणि सेल्फ फिरत असताना आकडे नाचू लागले, तर कॉइलच्या पॉझिटिव्हपासून बॉडीपर्यंत २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब जोडा. सेल्फ मारताना तो नुसता लाल पडला किंवा विझला, तर उत्तर मिळाले. एलईडीचा टेस्टर या कामाला वापरू नये, कारण तो जवळजवळ काहीच करंट घेत नाही आणि प्रत्येक वेळी हसतमुख पेटतो.

कराडकर

सर्वांचे आभार. पेट्रोल बाटलीत एकजीव राहिले, थर दिसला नाही. टाकीकडची रबरी नळी मात्र खरोखरच चिकट लागली, ती बदलून घेतो आहे.

गल्लीच्या उतारावर धक्का दिला, आणि चोक ओढून दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडताच इंजिन चालू झाले. थोडा वेळ खोकले, मग चोक आत ढकलल्यावर एकसारखे चालू लागले. बंद करून पुन्हा सेल्फ मारला तर गरम इंजिनही पकडले नाही.

मापने अशी आली. बॅटरी स्थिर असताना १२.५ व्होल्ट, सेल्फ फिरत असताना १०.३. कॉइलच्या पॉझिटिव्हवर, किल्ली 'ऑन' आणि पॉइंट मिटलेले असताना ११.४. सेल्फ फिरत असताना तिथला आकडा स्थिर राहत नव्हता, चार ते सहाच्या दरम्यान नाचत होता. इंडिकेटरचा बल्ब 'ऑन'वर नीट पेटला आणि सेल्फ मारताच त्याच्या तारेवर फक्त लालसर रेघ उरली. निगेटिव्ह केबलचा बॉडीकडचा सांधाही घासून घट्ट केला, फरक पडला नाही.

पणजीकर

मग बॅटरी आणि अर्थिंग निर्दोष आहेत, आणि निकाल सांगलीच्या बाजूने आहे. १०.३ व्होल्ट ही त्या इंजिनासाठी चांगली अवस्था आहे.

वायरिंगवाला_सांगली

बॅटरीवर १०.३ आणि कॉइलवर पाच, म्हणजे अर्धा दाब वाटेतच नाहीसा होत आहे. 'ऑन'वरही व्होल्टभर जातो आहे, त्यामुळे स्विच सगळाच थकलेला दिसतो, 'स्टार्ट'च्या जागी जरा अधिक.

स्विच काढण्यापूर्वी एक शेवटची खात्री करून घ्या. दहा अँपिअरचा फ्यूज लावलेली एक वायर घ्या, तिचे एक टोक आधी कॉइलच्या पॉझिटिव्हला लावा आणि मगच दुसरे टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला लावा. क्रम असाच ठेवा, म्हणजे जोडतानाची ठिणगी कार्ब्युरेटरजवळ पडणार नाही. आता नेहमीसारखा सेल्फ मारा. इंजिन पकडले, तर बॅटरी ते कॉइल या वाटेवर, म्हणजे बहुधा स्विचमध्येच, दोष आहे हे शाबीत होते. ही वायर जोडलेली असताना किल्लीने इंजिन बंद होणार नाही, ते बंद करण्यासाठी वायरच काढावी लागेल. आणि इंजिन चालू नसताना ती लावून ठेवू नका. पॉइंट मिटलेल्या अवस्थेत थांबले असतील, तर कॉइल तापते आणि पॉइंटही जळतात. याच कारणाने काही गाड्यांमध्ये दिसणारी, कॉइलला कायमची थेट वायर जोडण्याची 'युक्ती' मी कोणालाही सुचवत नाही.

कराडकर

थेट वायर लावली आणि पहिल्याच सेल्फला इंजिन चालू झाले. मेकॅनिकलाही बोलावून दाखवले. त्यांनी स्वतः वायर काढून, लावून, दोनदा खात्री करून घेतली आणि टायमिंग चेनचा विषय तिथेच मिटला.

आता प्रश्न दुरुस्तीचा. मूळ स्विच मिळेपर्यंत एक रिले (छोट्या करंटने मोठा करंट जोडणारा स्विच) बसवून कॉइलला थेट बॅटरीकडून पुरवठा द्यावा, आणि रिले चालवण्याचे काम जुन्या स्विचकडे ठेवावे, असा सल्ला एका मित्राने दिला आहे. तो योग्य आहे का?

ठाणेकर_मोटार

निम्मा योग्य आहे. रिलेच्या गुंडाळीला दीड-दोनशे मिलिअँपिअर पुरतात, त्यामुळे स्विचचा संपर्क केवळ मळलेला किंवा झिजलेला असेल, तर तेवढा करंट त्यातूनही जातो आणि रिले टिकून राहतो. पण 'स्टार्ट'च्या जागी संपर्क पूर्णच सुटत असेल, तर रिलेही सुटेल आणि तुम्ही पुन्हा तिथेच याल. तुमच्या मापनात चार ते सहा व्होल्ट दिसले म्हणजे संपर्क आज शिल्लक आहे. महिन्याभराने असेलच असे नाही. रिलेला दिवस ढकलण्याचे साधन समजा, दुरुस्ती म्हणजे स्विच बदलणे.

सुट्या भागांबाबत सांगायचे तर, मुंबईत पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर वयोमर्यादेमुळे बंद झाल्या, तरी त्यांच्यासाठी भरून ठेवलेला माल कुर्ल्याच्या जुन्या बाजारात अजून सापडतो. विकत घेण्यापूर्वी दुकानातच स्विचच्या टर्मिनलांवर बल्ब लावून पाहा: 'ऑन'वर पेटलेला बल्ब किल्ली 'स्टार्ट'कडे फिरवताना आणि तिथे धरून ठेवल्यावरही तेवढ्याच उजेडाने पेटत राहिला पाहिजे. वर्षानुवर्षे डब्यात पडून राहिलेल्या 'नव्या' स्विचची पट्टीही काळी पडलेली असू शकते.

वायरिंगवाला_सांगली

ठाणेकरांशी सहमत. एवढेच जोडतो की नवा स्विच बसवताना जुने लग (वायरच्या टोकाचे धातूचे जोड) तसेच खोचू नका. बॅटरीची निगेटिव्ह केबल आधी काढा, प्रत्येक वायरचा रंग आणि टर्मिनल कागदावर लिहून घ्या, सैल किंवा हिरवे पडलेले लग कापून नवे दाबून बसवा. काम झाल्यावर कॉइलवरचे तेच मापन पुन्हा घ्या. सेल्फ फिरत असताना बॅटरी आणि कॉइल यांतील फरक अर्ध्या व्होल्टच्या आसपास आला, तर काम नीट झाले. एक व्होल्टच्या वर राहिला, तर बॅटरीकडून स्विचला येणाऱ्या जाड वायरचा सांधाही उघडून पाहावा लागेल.

पॉइंटची फटही एकदा फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) तपासून घ्या. पॉलिश पेपरने घासल्यावर ती डोळ्याच्या अंदाजाने लावली असेल, तर इंजिन चालू होईल, पण चढावर ओढणार नाही.