पेजवर २,३०० लोक, पण पोस्ट दिसते शंभरेक जणांना. काय करू?

माशेलची सोलांवाली:
नमस्कार. मी घरीच सोलां (कोकमाची वाळवलेली साल), आगळ (कोकमाचा रस), फणसाची साठां (वाळवलेल्या पोळ्या) आणि तोरांचे (कैऱ्यांचे) लोणचे करून विकते. भाच्याने २०१५ साली फेसबुकवर पेज काढून दिले. तेव्हा 'नवीन सोलां तयार' एवढे लिहून बरणीचा फोटो टाकला, की संध्याकाळपर्यंत फोन यायचे. फोंड्याहून, पणजीहून. एकदा तर काणकोणहून एक बाई बस बदलत आल्या होत्या.

२०१८ नंतर हे हळूहळू आटत गेले. गेल्या आठवड्यात आगळाची पोस्ट टाकली, ती ११० जणांना दिसली. माझ्या मालातच काही कमी पडले का, या विचाराने दोन रात्री झोप नाही. भाचा म्हणतो अल्गोरिदम बदलला, म्हणजे कुणाला काय दाखवायचे ते ठरवायची फेसबुकची पद्धत. बूस्टवर, म्हणजे पैसे भरून पोस्ट जास्त लोकांना दाखवण्यावर, १,२०० रुपये घातले. चारशेवर लाइक आले, पण सगळे लांबचे. आगळाची बाटली तिथवर कुरिअरने पाठवू कशी?

वाड्यावरच्या चार बायका माझ्यासोबत काम करतात. त्यांची मजुरी याच दिवसांत निघते, पाऊस पडला की वाळवण संपले. पुन्हा पैसे घालू? रोज पोस्ट टाकू? रील (छोटा व्हिडिओ) कर म्हणतात सगळे, पण मला कॅमेऱ्यापुढे बोलायला जमत नाही.

पेडण्याचा खाजेवाला:
ताई, तुमच्या मालात काही कमी नाही, हे आधी सांगतो. फेसबुकने जानेवारी २०१८ मध्ये जाहीरच केले होते की मित्रांच्या आणि घरच्यांच्या पोस्ट वर येतील, पेजच्या पोस्ट कमी दिसतील. इन्स्टाग्रामने तर २०१६ पासूनच वेळेच्या क्रमाने फोटो दाखवणे सोडले. आता प्रत्येक माणसासाठी वेगळा अंदाज बांधतात: हा थांबून बघेल का, काही लिहील का, दुसऱ्या कुणाला पाठवील का. बरणीचा फोटो बघून गिऱ्हाईक 'बरे, सोलां आली' म्हणून पुढे जाते. ते खूश असते, पण थांबत नाही, म्हणून पोस्ट मागे पडते.

मला हे कळले ते नुकसान झाल्यावर. आमचा खाज्यांचा धंदा जत्रांवरचा. 'उद्या जत्रेत देवळासमोर बसतो' अशी पोस्ट टाकायचो. एकदा ओळखीचे गिऱ्हाईक म्हणाले, भाऊ, तुमची पोस्ट मला तिसऱ्या दिवशी दिसली. तोवर आम्ही मांडव आवरून घरी आलो होतो आणि उरलेली खाजी मऊ पडली होती. त्या दिवसापासून तारीख असलेली कुठलीच गोष्ट मी फीडच्या (ॲप उघडल्यावर समोर येणाऱ्या पोस्टच्या रांगेच्या) भरवशावर सोडत नाही.

ती व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीवर टाकतो, म्हणजे एकच मेसेज यादीतल्या प्रत्येकाला वेगवेगळा जातो. एका यादीत २५६ जण मावतात, आणि ज्यांनी आपला नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच मेसेज पोचतो. म्हणून बाटली हातात देतानाच नंबर समोर सेव्ह करून घ्या. लाजू नका. मी एका हंगामात १८० जणांकडून करून घेतला.

फीडवर घालायचे ते शिळे न होणारे. माझा रील म्हणजे आले घातलेल्या गुळाच्या पाकात खाजी घोळणारे हात, ४० सेकंद, बोलणे काहीच नाही. आठ महिने झाले, अजून लोक एकमेकांना पाठवतात. तुमच्याकडे तर भिरंडाची, म्हणजे कोकमाची, साल आहे! रसात बुडवायची, उन्हात घालायची, पुन्हा बुडवायची. रोज रंग गडद होत जातो. सात दिवस, त्याच जागेवरून, रोज पाच सेकंद टिपा आणि जोडा. तोंड दाखवायची गरजच नाही.

बूस्टचे म्हणाल तर, लाइक मागितले की लाइक करणारेच शोधून आणतात. पुढच्या वेळी उद्देश 'मेसेज' निवडा आणि ठिकाण फक्त गोवा ठेवा. पण आधी रील, मग पैसे.

म्हापशाची शिक्षिका:
मी गिऱ्हाईक म्हणून लिहिते. रोज पोस्ट टाकू नका, मी तरी कंटाळते. त्यापेक्षा खरेच काही विचारा. 'सोलकढीला आगळ वापरता की सोलां भिजत घालता' असे एका ओळखीच्या बाईंनी विचारले, तर दोन दिवस माहेरच्या-सासरच्या पद्धतींवरून चर्चा चालली होती. फक्त 'लाइक करा, पाच जणांना टॅग करा' अशी विनवणी नको. तशा पोस्ट मागे ढकलणार हे फेसबुकने डिसेंबर २०१७ मध्येच सांगितले आहे.

माशेलची सोलांवाली:
तुम्हा दोघांना देव बरें करूं. काल रात्री जुन्या वह्या काढल्या, ३४० नंबर निघाले. म्हणजे दोन याद्या लागतील. आज दुपारी ६१ जणांना फोन केले. कुणीच रागावले नाही. तिघांनी तर आगळ सांगूनच ठेवले.

सकाळी अंगणात पहिले पाच सेकंद टिपले. शेजारच्या वहिनींनी हात धुऊन नव्या बांगड्या घातल्या होत्या. आता एक विचारते: मध्येच आभाळ आले आणि एखादा दिवस वाळवण घालता आले नाही, तर चालेल का?

पेडण्याचा खाजेवाला:
चालेल. आभाळही टिपा. चटईची जागा तेवढी हलवू नका.