पडीक ३० गुंठ्यांत मोटोक्रॉसचा ट्रॅक: ८० हजारांत काय बसेल?

प्रश्न: माळावरचा

नमस्कार. पुरंदर तालुक्यात आमचा सुमारे ३० गुंठ्यांचा, म्हणजे १२० फूट रुंद आणि २७० फूट लांब असा पडीक तुकडा आहे. वर वीतभर हलकी माती आणि खाली मुरूम असल्यामुळे तिथे पीक येत नाही. धाकटा भाऊ आणि मी रविवारी सरावासाठी तिथे मोटोक्रॉसचा, म्हणजे मातीच्या चढउतारांवर दुचाकी पळवण्याचा, लहानसा ट्रॅक करण्याच्या विचारात आहोत. आमच्याकडे हिरोच्या दोन एक्सपल्स २०० गाड्या आहेत आणि एकूण खर्च ८० हजारांच्या आत बसवायचा आहे. जेसीबीवाल्याने तीन दिवसांत सहा-सात उंच जंप काढून देतो असे सांगितले आहे. त्याला होकार द्यावा का?

उत्तर: ब्रास_मोजणारा

होकार जरूर द्यावा, परंतु सहा-सात उंच जंपसाठी नव्हे. नवख्या माणसाचे पैसे उंचीवर खर्च होतात आणि ट्रॅक मात्र वळणांमुळे चांगला किंवा वाईट ठरतो, असा माझा अनुभव आहे. शिवाय आपल्या गाडीच्या सस्पेन्शनची हालचाल पुढे १९० आणि मागे १७० मिलिमीटर असते, तर खास मोटोक्रॉसच्या मोठ्या गाड्यांत ती ३०० मिलिमीटरच्या आसपास असते. त्यामुळे त्या गाड्यांचे व्हिडिओ पाहून जंपची उंची ठरवू नये.

एकच टेबलटॉप, म्हणजे सपाट माथ्याचा जंप, हिशेबाला घेऊ. उंची ३ फूट, चढ ८ फूट, सपाट माथा १० फूट, उतार १२ फूट आणि रुंदी १२ फूट धरली, तर ७२० घनफूट माती लागते. दोन्ही बाजूंचे उतार दीडास एक (एक फूट उंचीला दीड फूट) असे ठेवल्यास ती साडेनऊ ब्रासच्या (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) जवळ जाते, आणि मोकळी माती दबल्यावर बसते म्हणून प्रत्यक्षात अकरा-बारा ब्रास ओढावी लागते. एवढ्याशा जंपला एवढी माती लागते हे लक्षात आले, की ‘सहा-सात उंच जंप’ या शब्दांची किंमत कळते. आमच्याकडे गेल्या वर्षी जेसीबीचा दर ताशी १,२०० रुपये होता. त्या दराने आठ तासांचे तीन दिवस म्हणजे २८,८०० रुपये होतात, आणि तेवढ्यात दोन टेबलटॉप, चार-पाच बुटके रोलर (गोलसर उंचवटे) आणि वळणांचे बर्म (बाहेरच्या कडेचे मातीचे तिरपे काठ) आरामात होतात.

आता वेगाचे पाहू. वरच्या टेबलटॉपचा चढ साधारण २० अंशांचा आहे. ढोबळ गणिताने ताशी २४-२५ किलोमीटरला गाडी १० फुटांचा माथा ओलांडते, परंतु तीच गाडी ताशी ४० ने आली तर माथ्याच्या पातळीलाच २७ फूट जाते, म्हणजे १२ फुटांचा उतारही मागे टाकून थेट सपाटीवर आदळते. पाठीचे मणके तिथेच दुखावतात. म्हणून जंपच्या आधी ४०-५० फुटांवर घट्ट वळण ठेवावे, जेणेकरून वेग वाढवायला जागाच मिळणार नाही. मधे पोकळी असलेला डबल जंप तर पहिली दोन वर्षे करूच नये. टेबलटॉपवर गाडी कमी पडली तरी ती माथ्यावर उतरते, डबलमध्ये समोरच्या ढिगाच्या तोंडावर आपटते.

आणखी एक सांगतो. जेसीबीवाल्याचा हात बांध घालण्याला सरावलेला असतो. तो चढाच्या शेवटी माती थोपटून कडेला उंचवटा ठेवतो. त्या उंचवट्याने मागचे चाक उचकते आणि गाडी नाकावर जाते. त्यामुळे माथ्याची कड स्वतः दोरी धरून, फावड्याने सरळ करून घ्यावी.

उत्तर: काळीमाती

वरील हिशेब बरोबर आहे, मात्र माती ओढून लगेच दाबली असे होत नाही. सहा-आठ इंचांचा थर, त्यावर पाणी, मग ट्रॅक्टरची चाके, आणि पुन्हा पुढचा थर, असेच करावे. जेसीबीच्या बकेटने थोपटलेला ढीग पहिल्या पावसात खचतो. मूठभर माती दाबल्यावर गोळा व्हावा आणि अंगठ्याने फुटावा, एवढी ओल पुरेशी असते.

निव्वळ मुरमावर पकड मिळत नाही आणि मागच्या चाकाने खडे उडून पाठीमागच्या स्वाराला लागतात. निव्वळ काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की भेगाळते, त्यामुळे तीही चालत नाही. आम्ही वरच्या सहा इंचांत दोन भाग बारीक मुरूम आणि एक भाग पोयटा मिसळून रोटाव्हेटर फिरवला, आणि सुपारीपेक्षा मोठे खडे हाताने वेचले. हे काम कंटाळवाणे आहे, परंतु फुकट आहे. मुरूम बाहेरून आणणार असाल, तर रॉयल्टीची (सरकारी शुल्काची) पावती मागून घ्यावी.

माळावरचा

फार उपयोगी माहिती मिळाली, आभारी आहे. आता दोन टेबलटॉपच ठेवतो. मात्र माती शेताच्या मधूनच उकरली, तर खड्ड्यात पाणी साठेल का? आणि आमच्या पूर्वेला, जेमतेम ६० फुटांवर, शेजारच्या काकांची अंजिराची बाग आहे.

उत्तर: शेततळेवाला

पाणी साठेल, म्हणून माती एकाच ठिकाणी खोल न उकरता, वळणांच्या बाहेरच्या अंगाने वीत-दीड वीत खरवडावी आणि त्याच चराला उताराकडे वाट द्यावी. पाणी साठते ते नेमके चढाच्या पायथ्याशी. तिथे आडवा चर हवाच.

बागेचा प्रश्न मात्र माझ्या मते जंपपेक्षा मोठा आहे. जून ते सप्टेंबर वारा पश्चिमेकडून येतो, म्हणजे धूळ सरळ अंजिरावर जाईल, आणि फळावर धूळ बसली की काकांशी बोलणे बंद होईल. पावसाच्या उघडिपीत माती सुकली की हे हमखास होते. ट्रॅक ९०० फूट लांब आणि १२ फूट रुंद धरला तर क्षेत्र १०,८०० चौरस फूट होते, आणि त्यावर ३ मिलिमीटर पाणी द्यायला सुमारे ३,००० लिटर लागते. ते आदल्या संध्याकाळी तुषार सिंचनाने द्यावे. गाडी सुरू करताना पाणी मारले तर वर चिखल आणि खाली धूळ अशी अवस्था होते. मोटर, पाइप, नोझल धरून १५ हजार राखून ठेवावेत, आणि बागेकडील कडेला आतापासूनच शेवरी लावावी. आवाजाची वेळ काकांना आधी विचारून ठरवावी. दुपारी चार ते सहा बहुतेकांना चालते. फळे तोडणीला आली, की ते दोन-तीन आठवडे गाड्या बंदच ठेवाव्यात.