ऑगस्टनंतर काय ऐकता?

फोंड्याचा टिपरू: ड्रम कोअरचा, म्हणजे अमेरिकेतल्या ढोल-बिगुलवाल्या संचलन पथकांच्या स्पर्धांचा, सीझन ऑगस्टात इंडियानापोलिसच्या फायनल्सनी संपला की माझी पंचाईत. ब्लू डेव्हिल्स पथकाच्या ड्रमलाइनच्या (ढोलवाल्यांच्या रांगेच्या) जुन्या क्लिपा इतक्यांदा लावल्यात की बायको भाकरी थापताना तोच ठेका धरते. पुढच्या जूनपर्यंत तुम्ही कसं काढता?

डिचोलीकर: अरे बाबा, चवथ (गणेशचतुर्थी) तोंडावर असताना हा प्रश्न? घुमट आरती ऐक, मातीच्या घुमटाच्या तालावरची आपली गोव्याची आरती! त्यातही शामेळ या ढोलावरच्या दोन काठ्यांकडे कान दे, तुझ्या पथकांतला स्नेअर ड्रम आठवेल. घुमटाला पूर्वी घोरपडीचं कातडं असायचं, बंदीनंतर बकऱ्याचं आलं. आमचे आजोबा म्हणायचे, नाद गेला. मला फरक कळत नाही. पावसात ढिलं पडलं की वाजवण्याआधी शेकायचं, एवढंच माझं काम.

पेडण्याचा बिगुल: सगळं खरं, पण ब्रास, म्हणजे पितळी वाद्यं, कुठाय? मी ब्लॅक डाइक लावतो. इंग्लंडचा ब्रास बँड. कोअरसारखंच तिथंही क्लॅरिनेट-सॅक्सोफोन नाही. ट्रम्पेटऐवजी त्याचाच भाऊबंद कॉर्नेट, म्हणून आवाज मऊ. रात्री शेजारी ओरडत नाहीत.

फोंड्याचा टिपरू: डिचोलीकर, शामेळाचं रेकॉर्डिंग टाक ना. घरात नवा ठेका हवाय, भाकऱ्या फाटायला लागल्यात.