अनुभव धागा: चुकलेली पाळी आणि रिपोर्टमधल्या ‘गाठी’

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ‘पॉलिसिस्टिक’ हा शब्द दिसला की घरातला पहिला प्रश्न असतो, ‘गाठ काढावी लागेल का?’ आणि दुसरा लग्नाचा, मग मुलगी अठरा वर्षांची का असेना. माझ्या धाकट्या बहिणीच्या वेळी आमच्याकडे दोन्ही प्रश्न याच क्रमाने आले, म्हणून हा धागा काढत आहे. पीसीओएसमध्ये (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, म्हणजे संप्रेरकांचा समतोल बिघडून पाळी अनियमित होण्याचा आजार) पडद्यावर दिसणारे काळे ठिपके खऱ्या अर्थाने गाठी नसतात. वाढ अर्ध्यावर थांबलेल्या स्त्रीबीजांची ती २ ते ९ मिलिमीटरची, द्रवाने भरलेली पुटके असतात. रॉटरडॅम येथे २००३ साली ठरलेल्या निकषांनुसार, इतर आजार नाहीत याची खात्री करून, तीनपैकी (अनियमित पाळी, वाढलेली पुरुषी संप्रेरके, सोनोग्राफीत दिसणारी पुटके) दोन लक्षणे आढळली की निदान होते, त्यामुळे ज्यांवरून आजाराला नाव पडले ती पुटके नसतानाही तो असू शकतो. उलट, पाळी चुकण्याचे कारण भलतेच निघू शकते. ज्यांनी हे स्वतः किंवा घरात अनुभवले आहे, त्यांनी नेमके काय झाले ते लिहावे. गोळ्यांची नावे मात्र लिहू नयेत. एकीची गोळी दुसरीला चालतेच असे नाही.

सातारा, वय २३

मला बाराव्या वर्षी पाळी आली आणि दहावीपर्यंत सर्व सुरळीत होते. अकरावीत वसतिगृहात राहायला गेले, तेव्हा ती आधी सत्तर दिवस लांबली आणि नंतर चार महिने आलीच नाही. त्याच सुमारास मानेवर काळी वळी उमटू लागली. मी सुट्टीत घरी आले की आई बेसन आणि लिंबाची फोड घेऊन माझी मान घासत बसे. कातडी हुळहुळत असे, रंग तसाच राही, आणि काकू म्हणत, ‘पोरीला अजून धड अंघोळ करता येत नाही.’

गावातल्या डॉक्टरांनी पाळी आणण्याच्या गोळ्या दिल्या. गोळ्या संपल्यावर चार दिवसांत रक्तस्राव झाला आणि आम्ही सुटकेचा श्वास टाकला. तो स्राव गोळ्या थांबल्यामुळे होतो, बीज सुटल्यामुळे नव्हे, हे मला तीन वर्षांनी कळले. (त्या गोळ्या निरर्थक नसतात, महिनोन् महिने पाळी नसेल तर गर्भाशयाचे अस्तर जाड होत राहते, ते पडून जाणे आवश्यक असते.)

एकोणिसाव्या वर्षी ज्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे गेले, त्यांनी आधी माझी मान आणि हनुवटीवरचे केस पाहिले. मानेवर होता तो मळ नव्हता, शरीर इन्शुलिनला दाद देत नसल्याची ती खूण होती. रक्तात इन्शुलिन वाढले की बीजांडकोश पुरुषी संप्रेरके अधिक बनवतो आणि बीज पक्व होऊन बाहेर पडत नाही. सोनोग्राफीचा आग्रह त्यांनी धरला नाही. पहिल्या पाळीनंतरच्या आठ वर्षांत निरोगी मुलींमध्येही अशी पुटके सर्रास दिसतात. माझे वजन ७१ किलो होते, ते वर्षभरात ६६ झाले आणि पाळी अडतीस-चाळीस दिवसांनी का होईना, आपोआप येऊ लागली. भात सोडला नाही, मेसमधला दुसरा गोड चहा सोडला आणि रोज चालले. मान अजून पूर्ण उजळलेली नाही, पण आईने घासणे थांबवले आहे.

बीड, वय २१

वरचे वाचून माझे लिहावेसे वाटले, कारण माझे अगदी उलटे झाले. पोलीस भरतीसाठी पहाटे धावत होते, संध्याकाळी गोळाफेक, आणि वजन वाढू नये म्हणून रात्री फक्त ताक. पाच महिने पाळी आली नाही. ओळखीच्या एकीने ‘पीसीओडी (पीसीओएसलाच लोक असेही म्हणतात) असेल, वजन कमी कर’ असे सांगितले आणि मी, ४२ किलोची मुलगी, तेही करू लागले. डॉक्टरांनी आहार विचारला तेव्हा उलगडा झाला: खर्च होते त्या मानाने पोटात काहीच जात नसेल, तर मेंदूच बीजांडकोशाला संदेश देणे थांबवतो. भाकरी, अंडी, शेंगदाणे वाढवले आणि आठवड्यातून दोन दिवस विश्रांती घेतली. चौथ्या महिन्यात पाळी आली.

ठाणे, वय २६

माझे थोडक्यात. थायरॉइड ठीक, सोनोग्राफी ठीक, प्रोलॅक्टिन (अंगावर दूध आणणारे संप्रेरक, ते वाढले की पाळी थांबू शकते) मात्र वाढलेले होते. पित्तासाठी मी सहा महिने मनानेच घेत असलेल्या कॅप्सूलमधील एक घटक ते वाढवतो. डॉक्टरांनी ती बंद केली आणि दीड महिन्यात पाळी आली.

कोल्हापूर, एका मुलीची आई

माझ्या मुलीची पाळी कधीच चुकली नाही. ती कालनिर्णयवर दर महिन्याला बारीक फुली मारत असे. म्हणूनच उजव्या बाजूला एकाएकी कळ येऊन ती ओकू लागली, तेव्हा आम्हाला अपेंडिक्सच वाटले. सोनोग्राफीसाठी लघवी भरेपर्यंत पाणी प्यायचे होते, आणि तिला घोटही पोटात ठरत नव्हता. निघाली ती खरीखुरी गाठ, सात सेंटिमीटरची डर्मॉइड, आणि तिच्या भाराने बीजांडकोशाला पीळ बसला होता. पीळ लवकर सोडवला नाही तर रक्तपुरवठा तुटून बीजांडकोश गमवावा लागतो, त्यामुळे त्याच रात्री दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली आणि तो वाचला. गाठीत चरबी आणि केसांचा पुंजका होता. सासूबाईंना वाटले की मुलीच्या पोटात केस गिळल्याने गेले. जन्मापूर्वीच्या पेशींतून अशी गाठ वाढते, हे नातीनेच खाटेवर पडल्या पडल्या त्यांना समजावले आणि मग डॉक्टरांकडे त्या केसांचा फोटो मागितला.