मदत हवी आहे : आंबूस वासाच्या मायक्रोफिल्म रिळांबाबत

साताऱ्यातील एका जुन्या संग्रहात मोडी कागदपत्रांच्या मायक्रोफिल्म (कागदपत्रांची अगदी लहान छायाचित्रे असलेल्या फिल्म) आहेत. त्यांतील काही डबे उघडताच व्हिनेगरसारखा वास येतो, फिल्मच्या कडा वळल्या आहेत आणि काही रिळांवर पांढरी पूड दिसते, त्यावरून ही ॲसिटेट या प्लास्टिकची फिल्म असून तिच्यातून ॲसिटिक आम्ल सुटत असावे. पॉलिएस्टर या दुसऱ्या प्लास्टिकच्या फिल्मचे रीळ उजेडासमोर धरल्यास गुंडाळीतूनही प्रकाश झिरपतो. ही रिळे मात्र अपारदर्शकच दिसली. आम्लाची वाफ शेजारच्या सुस्थितीतील फिल्मलाही बाधत असल्याने वास येणारी रिळे वेगळ्या खोलीत हलवली आहेत (पंखा लावूनही वास जात नाही). आम्लता दाखवणाऱ्या, निळ्याच्या हिरव्या-पिवळ्या होणाऱ्या कागदी पट्ट्या महाराष्ट्रात कोठे मिळतील? साताऱ्याचा दमट पावसाळा पाहता, स्कॅनिंग होईपर्यंत ही रिळे हवाबंद पिशव्यांत घालून फ्रीजरमध्ये ठेवावीत काय, आणि आक्रसलेली फिल्म न तुटता स्कॅन करण्याचा कोणाला प्रत्यक्ष अनुभव आहे काय?